पात्यावरची नावं

आरमारी अधिकाऱ्याच्या तलवारीबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. समुद्रावरच्या लढाईत तिचा उपयोग फार थोडा होता. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश ॲडमिरल नेल्सन आपल्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या डेकवर येरझाऱ्या घालत होता, तेव्हा त्याच्या कमरेला तलवार नव्हतीच; ती खाली केबिनमध्ये टेबलावर राहिली होती. त्याचा जीव घेणारी गोळी आली ती शेजारी भिडलेल्या फ्रेंच जहाजाच्या डोलकाठीवरून. तिथे तलवार असून तरी काय झालं असतं? आधी तोफांनी जहाज झोडपायचं, मग जहाजाला जहाज भिडवून पलीकडे उड्या टाकायच्या, अशी तेव्हाची लढाई. उड्या टाकणाऱ्या खलाशाच्या हातात असायची ‘कटलास’: आखूड, जाड पात्याची, काळ्या लोखंडी मुठीची, दिसायला अगदी ओबडधोबड. ती सरकारी मालमत्ता. लढाईपुरती वाटायची आणि काम संपलं की मोजून जमा करायची. अधिकाऱ्याची तलवार मात्र त्याच्या स्वतःच्या पैशाची. मुठीवर सोन्याचा मुलामा, पात्यावर राजाची मोहोर. गणवेशाचा भाग म्हणून ती कमरेला लटकायची आणि बहुतेक वेळा लटकूनच राहायची.

एवढ्यावरून तिला शोभेची वस्तू ठरवून बाजूला सारावं, तर पातं हातात घेतल्यावर पंचाईत होते. चांगल्या घडणीचं पातं जमिनीला टेकवून दाबलं तर वाकतं आणि सोडलं की जिथल्या तिथे सरळ होतं. मूठ तळहातात अशी बसते की तलवारीचं वजन मनगटाला जाणवतच नाही. जिचा वार होण्याची वेळ क्वचितच यायची, त्या हत्यारासाठीही कोणीतरी भट्टीपाशी उभं राहून पोलादाचा रंग न्याहाळला होता, कोणीतरी दगडी चाकावर ओणवं होऊन पातं घासताना छातीत धूळ भरून घेतली होती, कोणीतरी पाऱ्याच्या वाफेत सोनं चढवलं होतं. रॉयल नेव्हीच्या तलवारींवरच्या या पुस्तकाचा खरा विषय हे ‘कोणीतरी’ आहेत, असं मी समजतो. पात्यावर नावांना तोटा नसतो. राजाचं असतं, अधिकाऱ्याचं असतं, दुकानदाराचं तर असतंच असतं. घडवणाऱ्याचं शोधावं लागतं, आणि बहुतेकदा ते सापडत नाही.

मराठीत शस्त्रांवर जे लिहिलं गेलं ते मुख्यतः आपल्या तलवारींवर, आणि ते साहजिकच आहे. मग रॉयल नेव्हीच्या तलवारीवर मराठीत पुस्तक कशाला, असं कोणी विचारील. त्याला माझं उत्तर असं की पाती पूर्वीपासूनच समुद्र ओलांडत आली आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांत आपल्याकडे युरोपी पात्यांना मोठी मागणी होती. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून आलेली ती सरळ, लवचीक पाती इथल्या मुठींत बसवली जात आणि त्या तलवारीला फिरंग म्हणत. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनानं लंडनच्या लिलावात विकत घेतलेली रघुजी भोसल्यांची तलवार याच जातीची आहे: पातं युरोपचं, मूठ आणि सोन्याची लिखावट इथली. म्हणजे जर्मनीतल्या झोलिंगेनच्या लोहारानं घडवलेलं पातं कोकणच्या किनाऱ्यावर उतरणं ही काही नवलाची बाब नव्हती. त्याच झोलिंगेनची पाती पुढे लंडनच्या दुकानदारांची नावं अंगावर घेऊन ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला गेली, ही गोष्ट पुढे यायचीच आहे.

दुसरं कारण मुंबई. ज्या जहाजांवर या तलवारी मिरवल्या गेल्या त्यांतली काही इथल्या गोदीत, मलबारी सागवानातून, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली होती. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलच्या धक्क्यावर शाबूत उभं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचं ‘बॉम्बे मरीन’ हे आरमारही इथलंच. १८३० मध्ये त्याचं ‘इंडियन नेव्ही’ झालं आणि १८६३ मध्ये ते मोडीत निघालं. मधल्या उलथापालथी सोडून देऊ. १९३४ मध्ये ‘रॉयल इंडियन नेव्ही’ उभी राहिली आणि २६ जानेवारी १९५० पासून तिच्या नावातला ‘रॉयल’ गेला, चिन्हातला मुकुट गेला, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. तलवार तेवढी राहिली. आजही भारतीय नौदलाचा अधिकारी संचलनात जी तलवार उपसतो, तिची वंशावळ सरळ १८२७ च्या ब्रिटिश नमुन्यापर्यंत जाते.

जाता जाता एक योगायोग. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांच्या उठावाची ठिणगी मुंबईत ज्या तळावर पडली त्याचं नाव होतं ‘तलवार’. ते संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र होतं. तिथे पोरं शिकत होती ती मोर्सची कटकट, आणि त्यांच्या तक्रारी होत्या जेवणाच्या आणि वरिष्ठांच्या तोंडच्या शिव्यांच्या. उठाव पसरत गेला आणि जहाजांवरून ब्रिटिश निशाणं उतरली. त्यात खऱ्या तलवारीचा संबंध नव्हता, पण नाव ठेवणाऱ्याची फजिती झाली खरी.

१८०५ च्या आधी ब्रिटिश आरमारात अधिकाऱ्यांच्या तलवारीला ठरावीक नमुना नव्हता. ज्याला जी परवडेल आणि आवडेल ती तो बांधायचा. कोणी शिकारीची आखूड तलवार वापरी, कोणी शहरी सद्गृहस्थांची नाजूक, निमुळती, भोसकण्याच्या कामाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस मुठीच्या कमानीवर पाच गोळ्यांची नक्षी असलेली सरळ तलवार लोकप्रिय झाली आणि तिच्यावर नांगर कोरून तिला आरमारी करून घेतलं जाऊ लागलं. अखेर ऑगस्ट १८०५ मध्ये, म्हणजे ट्रफाल्गरच्या जेमतेम अडीच महिने आधी, आरमाराचा कारभार पाहणाऱ्या ॲडमिरल्टीनं नमुना ठरवून दिला. सरळ पातं आणि रिकिबीच्या आकाराची साधी परज, म्हणजे बोटांपुढची कमान. कमांडर आणि त्यावरच्यांना हस्तिदंती मूठ, लेफ्टनंट आणि त्याखालच्यांना काळ्या कातड्याची. हातात काय आहे यावरून माणसाचा हुद्दा लांबून कळावा, एवढाच त्यामागचा हिशोब.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर तलवार १८२७ ची. लेखकानं तिला पुस्तकात दोन प्रकरणं दिली आहेत ती उगाच नव्हेत. माझ्या पाहण्यात आलेली अशी एक तलवार इथे जरा जवळून दाखवतो. ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली आहे आणि तिच्या मूळ मालकाची आद्याक्षरं इतकी झिजली आहेत की वाचता येत नाहीत.

आधी परज पाहावी. ओतीव पितळेची, सोन्याचा मुलामा दिलेली, हाताची पाठ अर्धी झाकणारी ही वाटी. आधीच्या नमुन्यात बोटांपुढे फक्त एक कमान होती. इथे हात खरोखर झाकला जातो. वाटीच्या मधोमध मुकुट, त्याखाली दोर गुंडाळलेला नांगर. नांगराला दोर अडकणं ही खरं तर खलाशाची नामुष्की, पण ब्रिटिश आरमारानं तेच आपलं चिन्ह करून टाकलं आहे. मुठीच्या टोकाला सिंहाचं मस्तक. त्याची आयाळ तिथे संपत नाही. ती मुठीच्या पाठीवरून बारीक लाटांनी खाली परजेपर्यंत उतरते. आयाळीचे केस ओतकामात येतात तेव्हा बोथट असतात, नंतर छिन्नीनं एकेक रेघ जागी करावी लागते. या तलवारीवर कारागिरानं मस्तकाजवळच्या रेघा मन लावून काढल्या आहेत आणि खाली, तळहाताखाली झाकल्या जाणाऱ्या भागात, थोडं भरभर उरकलं आहे. मला ती घाई फार आवडते. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी कोणाला तरी घरी जायचं होतं.

मुठीचं पांढरं कातडं पाकटाचं. आपल्या कोळ्यांच्या जाळ्यात येतं तेच पाकट. त्याच्या पाठीवरच्या कातडीत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे कठीण कण असतात, आणि हात घामानं किंवा समुद्राच्या पाण्यानं ओला असला तरी पकड सुटत नाही. लाकडाचा गाभा कोरून त्याला आडव्या खाचा द्यायच्या, भिजवलेलं कातडं त्यावर ताणून डकवायचं, त्याचा सांधा पाठीकडे, आयाळीच्या पट्टीखाली लपवायचा. कातडं वाळताना आवळतं आणि खाचांत बसतं. मग त्या खाचांतून सोनेरी तार गुंडाळायची: मध्ये पीळ दिलेली जाड, दोन्ही बाजूंना बारीक. या तारेनं शोभाही येते आणि बोटांना अडणीही मिळते. आता परजेच्या आतल्या बाजूची बिजागरीवरची छोटी पितळी पट्टी. तिला एक भोक आहे, आणि म्यानाच्या तोंडाशी एक खुंटी. तलवार म्यानात घालून पट्टी दाबली की भोक खुंटीवर बसतं आणि जहाज कितीही हेलकावलं तरी तलवार आपोआप बाहेर सरकत नाही. संपूर्ण तलवारीत समुद्राचा खरा विचार कुठे दिसत असेल तर तो नांगरापेक्षा या पट्टीत.

पातं साधारण ३१ इंचांचं, किंचित बाक असलेलं. १८२७ च्या मूळ पात्याची पाठ गोल नळीसारखी जाड असे. भोसकायला ते ताठ राहायचं, पण कापताना ती जाड पाठ मध्ये यायची. १८४६ मध्ये तो हट्ट सोडला आणि सपाट पाठीचं, दोन्ही अंगांना रुंद खोलगट पन्हळ असलेलं पातं आलं. या पन्हळीतून रक्त वाहून जातं ही समजूत आपल्याकडेही आहे आणि तिकडेही. तसं काही नाही. पन्हळ म्हणजे पात्यातलं नको असलेलं पोलाद काढून टाकणं. वजन घटतं आणि ताठपणा टिकतो. घरांच्या छपरांचे पत्रे पन्हळी का असतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हे पातं घडतं कसं, हा पुस्तकाचा गाभा. शेफील्डच्या मुशीतल्या पोलादाचा जाड, आखूड तुकडा भट्टीत तापवून दोघांनी मिळून घणानं लांबवायचा. मुठीत शिरणारी निमुळती शेपटी पुष्कळदा मऊ लोखंडाची असायची आणि ती पात्याला तापवून जोडलेली असायची, कारण पोलादी शेपटी ठणका बसला तर तडकते, लोखंडी वाकते पण तुटत नाही. हा जोड मुठीच्या आत जातो. तलवार विकत घेणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. नेमका तिथेच बेइमान कारागीर पैसे वाचवतो आणि इमानी कारागीर वेळ घालवतो.

मग पाणी पाजणं. मराठी लोहाराला हे वेगळं सांगायची गरज नाही. पातं लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की काचेसारखं कठीण आणि तितकंच ठिसूळ होतं. ते तसंच ठेवलं तर पहिल्या वाराला त्याचे तुकडे पडतील. म्हणून पुन्हा हलकं तापवायचं. घासून लख्ख केलेल्या पोलादावर तेव्हा रंग चढत जातात: साधारण २३० अंश सेल्सियसला गवती पिवळा, २८० च्या आसपास जांभळा, ३०० ला निळा. तलवारीला हवी ती लवचीक ताकद निळ्याच्या जवळ मिळते. थर्मामीटर नव्हता, होता तो डोळा आणि भट्टीवरचा मंद उजेड. पातं वाकडं झालं असेल तर ते याच वेळी ठोकून सरळ करायचं. त्यानंतर दगडाची मोठी ओली चाकं. आपल्याकडे हे काम शिकलगारांचं. शेफील्ड-बर्मिंगहॅमच्या घासणाऱ्यांची दगडाच्या धुळीनं फुप्फुसं निकामी होत, आणि हा रोग तिथे इतका ओळखीचा होता की त्याला धंद्याचंच नाव पडलं होतं.

पात्यावरची नक्षी बहुतेकांना कोरलेली वाटते. ती खरी आम्लानं खाल्लेली असते. मेणासारखा लेप लावायचा, त्यावर नक्षी मोकळी करायची आणि आम्ल सोडायचं. उघडं पोलाद खाल्लं जाऊन मंद, करडं होतं, झाकलेलं चकचकीत राहतं. १८२० पर्यंतच्या काही तलवारींवर याहून देखणं काम दिसतं: अर्धं पातं गडद निळं, त्यावर सोनेरी वेलबुट्टी. निळा रंग लावलेला नसतो, पोलादाचा तोच ३०० अंशांचा निळा. सोनं पाऱ्यात विरघळवून त्याचा लगदा लावायचा आणि आचेवर पारा उडवून द्यायचा, की सोनं मागे राहतं. पारा उडून जायचा तो मुलामा देणाऱ्याच्या नाकातोंडात. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननं विजेनं मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि हळूहळू तो पारा मागे पडला. जाणकार म्हणतात, जुन्या पाऱ्याच्या सोन्याची ऊब विजेच्या सोन्याला नाही. ते खरंही आहे. पण मला ते ऐकताना प्रत्येक वेळी जरा अवघडल्यासारखं होतं.

आता नावांकडे वळू. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात ओरड होती की इंग्लिश पाती भिकार, चांगली पाती जर्मनीची. बर्मिंगहॅमच्या टॉमस गिलला हे सहन होईना. त्यानं मागणी केली की सगळ्यांच्या तलवारी एकाच कसोटीवर लावा. संधी दिली ईस्ट इंडिया कंपनीनं. १७८६ मध्ये तिला घोडदळासाठी हजारोंनी तलवारी हव्या होत्या. प्रत्येक पातं यंत्रात घालून वाकवून पाहायचं ठरलं. निकाल असा लागला: गिलच्या २,६५० तलवारींपैकी नापास ४. जर्मन १,४०० पैकी २८. इतर इंग्लिश कारागिरांच्या २,७०० पैकी तब्बल १,०८४. ओरड करणारे खरे होते आणि गिलही खरा होता. पुढे गिलच्या पात्यांवर ‘कधीही दगा न देण्याची हमी’ अशा अर्थाची ओळ येऊ लागली, आणि त्या माणसानं ती कमावली होती. हिंदुस्थानात लढण्यासाठी मागवलेल्या तलवारींनी इंग्लिश लोहाराची अब्रू राखली, हा प्रसंग मला या सबंध इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो.

त्याच कसोटीचं पुढचं पाऊल हेन्री विल्किन्सनचं. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरचा हा मुळात बंदुका बनवणारा. १८४० च्या दशकात त्यानं माणसाच्या हाताच्या फटक्याइतक्या जोरानं पातं आपटणारं यंत्र तयार केलं. पातं वाकवायचं, आपटायचं, आणि टिकलं तर मुठीलगत दोन त्रिकोणांच्या चांदणीत पितळेची छोटी टिकली बसवायची. १८५० च्या दशकापासून चांगल्या प्रतीच्या पात्यांच्या पाठीवर क्रमांकही आले, आणि ते नोंदवणाऱ्या चोपड्या टिकल्या. त्यामुळे आज एखाद्या तलवारीच्या पाठीवरचा क्रमांक वाचता आला तर ती कधी विकली गेली आणि पुष्कळदा कोणाला, हेही सांगता येतं. टिकलीचं यश पाहून इतर दुकानदारांनीही चांदण्या आणि टिकल्या बसवल्या. त्यांतल्या कित्येकींमागे कसलीच कसोटी नव्हती. नुसती चांदणी पाहून भाव देणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावं. विल्किन्सनच्या कारखान्यानं २००५ मध्ये तलवारी घडवणं थांबवलं.

पण पोर्ट्समथच्या आरमारी शिंप्यांकडून घेतलेल्या तलवारीवर नाव असे ते शिंप्याचं. कोट, टोपी, दुर्बीण आणि तलवार एकाच दुकानात मिळे, आणि पातं कधी बर्मिंगहॅमचं, कधी झोलिंगेनचं, अंगावर दुकानदाराची मोहोर घेऊन येई. घडवणाऱ्याची खूण सापडलीच तर ती परज काढल्यावर, शेपटीवर, किंवा परजेच्या आत ठोकलेल्या एखाद्या ठिपक्यात. हा ठिपका म्हणजे जुळणीची खूण: कुठली परज कुठल्या मुठीची, हे कळावं म्हणून.

मुंबईच्या गोदीतली एक आख्यायिका इथे आठवते. जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८०० मध्ये ‘कॉर्नवॉलिस’ बांधलं, तेव्हा जहाजाच्या तळाच्या तुळईवर, कोणाला दिसणार नाही अशा जागी, हे जहाज एका काळ्या माणसानं बांधलं आहे असं त्यांनी शिवीसकट कोरून ठेवलं, आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी ते सापडलं, असं सांगतात. खरं असो की रचलेलं, कारागिराच्या मनातलं ते खरंच आहे.

नावाचा सोस कळसाला पोचला तो लॉइड्सच्या बक्षिसी तलवारींत. १८०३ मध्ये लंडनच्या लॉइड्स कॉफीगृहात जमणाऱ्या विमेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी ‘पॅट्रिऑटिक फंड’ उभारला. शौर्य गाजवणाऱ्यांना ३०, ५० आणि १०० पौंडांच्या तलवारी मिळत. लहान हुद्द्याला ३०, लेफ्टनंटला ५०, कॅप्टन-कमांडरला १००. त्या बनवल्या लंडनच्या स्ट्रँडजवळच्या रिचर्ड टीडनं. मुठीची कमान म्हणजे हर्क्युलिसचा सोटा, त्याला वेटोळं घातलेला साप, वर सिंहाचं कातडं, निळ्या-सोनेरी पात्यावर ज्याला दिली त्याचं नाव आणि पराक्रम. लेखकाला या तलवारी कारागिरीचं शिखर वाटतात. इथे माझा त्याच्याशी उघड मतभेद आहे. एवढी नक्षी की हाताला जागा नाही! ही तलवार आधी भिंतीसाठी जन्मली. लेफ्टनंटची काळ्या मुठीची साधी तलवार शेजारी ठेवली तर माझी नजर तिच्याचकडे जाते.

या फंडाला मुंबईचाही एक धागा आहे. फेब्रुवारी १८०४ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळ पुलो ऑरा इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या चीनहून परतणाऱ्या व्यापारी ताफ्यावर फ्रेंच ॲडमिरल लिन्वाच्या लढाऊ जहाजांनी झडप घातली. ताफ्याचा प्रमुख नथॅनिएल डान्स. त्यानं आपली व्यापारी जहाजं लढाऊ असल्याचा आव आणला आणि चक्क फ्रेंचांचा पाठलाग केला. फसवणूक पचली. ताफ्यावरच्या मालाची किंमत सुमारे ८० लाख पौंड होती, तेव्हा विमेवाल्यांचा आनंद समजण्यासारखा आहे. पॅट्रिऑटिक फंडानं डान्सला १०० पौंडांची तलवार दिली, आणि बॉम्बे इन्शुरन्स कंपनीनं ५,००० पौंड रोख. तलवारीला मान, पण मुंबईचा व्यापारी शेवटी हिशोबाचा. १८०९ मध्ये फंडानं तलवारी देणं बंद केलं आणि पैसा जखमींकडे व मृतांच्या कुटुंबांकडे वळवला. हे त्यांना सहा वर्षं आधी सुचलं असतं तर टीडचं नुकसान झालं असतं, एवढंच.

तलवारीचं समुद्रावरचं खरं काम वाराचं नव्हतं, देण्या-घेण्याचं होतं. शरण आलेला अधिकारी आपली तलवार जिंकणाऱ्याच्या हाती देई. १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटच्या लढाईत नेल्सननं ‘सान होसेफ’ हे स्पॅनिश जहाज घेतलं, तेव्हा डेकवर स्पॅनिश अधिकारी एकेक करून तलवारी देत होते आणि तो त्या विल्यम फिअर्नी नावाच्या आपल्या नावाड्याकडे सोपवत होता. तो पठ्ठ्या त्या शांतपणे काखेत मारत गेला. स्पॅनिश ॲडमिरलची तलवार नेल्सननं नंतर नॉर्विच शहराला भेट दिली. आरमारी कोर्ट मार्शलमध्येही आरोपी अधिकाऱ्याची तलवार टेबलावर ठेवलेली असे. निकालाला आत बोलावल्यावर टोक त्याच्याकडे वळलेलं दिसलं की दोषी, हे कोणी तोंडानं सांगण्याआधीच त्याला कळायचं.

शेवटी, ज्यांच्या घरात अशी तलवार आहे किंवा जे ती घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी थोडं. शंभर वर्षांहून जुनी तलवार १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, ती देशाबाहेर नेता येत नाही. आणि १९५९ चा शस्त्र कायदाही तलवारींना लागू होतो, तेव्हा आधी जवळच्या पोलीस ठाण्यात चौकशी करावी. आपल्या दमट हवेत पातं चामड्याच्या म्यानात ठेवू नये; चामडं ओल धरतं आणि गंज आतून लागतो. म्यान वेगळं, पातं तेलाचा पुसटसा हात फिरवून वेगळं ठेवावं. आणि परज चिंचेनं, राखेनं किंवा बाजारच्या पॉलिशनं कधीही घासू नये. पितळ लखलखेल, पण मुलामा जाईल, आणि सिंहाच्या आयाळीतल्या छिन्नीच्या रेघाही त्याच्याबरोबर जातील.

पुस्तक सलगच वाचायला हवं असं नाही. तारखांत ज्यांना रस नाही त्यांनी सरळ मुठीवरच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. वाचताना भिंग मात्र जवळ असू द्यावं. छायाचित्रं मोठी छापली आहेत, तरी पात्याच्या पाठीवरचे क्रमांक आणि परजेच्या आतले ठिपके नुसत्या डोळ्यांना सहज लागत नाहीत.